चहाच्या रंगाची शबनम

तुळशीबागेतून घेतली तेव्हा माझी शबनम लाल होती, एवढं आधी सांगून ठेवते. पुढचा निम्मा घोळ त्या लाल रंगामुळे झाला. उरलेला निम्मा माझ्यामुळे.

सदाशिव पेठेत, एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर शनिवार-रविवार आमचा जपानीचा वर्ग भरतो. निम्म्याहून जास्त इंजिनिअरिंगची पोरं, तिघं आयटीतली, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, आणि मी. मी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापडदुकानाचे हिशेब लिहिते. सत्तेचाळिसाव्या वर्षी जपानी कशाला, असं लोक विचारतात. पहिल्या बॅचला फी निम्मी होती हे खरं उत्तर आहे, पण ते कुणाला पटत नाही. वर्गात नावांपेक्षा पत्त्यांवर काम चालतं: निगडीचा, कोथरूडची, लांब हडपसर, बुटका हडपसर. मला मात्र सगळे काकू म्हणतात. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्याच, पण त्यांना बाई म्हटलेलं चालत नाही. त्या सेन्सेई.

तर सेन्सेई आणि आम्ही चौदा जण गेल्या नोव्हेंबरात दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर ओकायामाला गेलो. ओकायामाच का, तर पुणेकराची त्या गावाशी घरबसल्या ओळख झालेली असते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पुणे-ओकायामा मैत्रीतून झालेलं आहे, तिथल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. पहिल्या वर्षी सेन्सेई आम्हाला तिथे वही-पेन घेऊन घेऊन गेल्या होत्या, झाडं-पूल-पाणी यांचे शब्द पाठ करायला. मूळ कोराकुएन बघताना पोस्टातल्या काकांनी फलक वाचून हिशेब मांडला: बागेचं काम १६८७ साली सुरू झालं, म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराज गादीवर, आणि पुरं झालं १७०० साली, म्हणजे राजाराम महाराज सिंहगडावर वारले ते वर्ष. त्यानंतर त्या बागेतल्या चहाच्या मळ्याकडे आणि क्रौंच पक्ष्यांकडे मला नुसतं बाग म्हणून बघता येईना.

दहा दिवसांबद्दल फार सांगत नाही. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी कुठे ना कुठे भेट, दोन रात्री जपानी घरांत पाहुणचार. सगळं वेळापत्रकाप्रमाणे झालं आणि वेळापत्रकाप्रमाणे झालेल्या गोष्टींत सांगण्यासारखं काय असतं?

शेवटचा दिवस रविवार होता. विमान रात्री बाराच्या सुमाराला, ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावरून. बँकॉकला बदलून मुंबई. सामान हॉटेलात बांधून ठेवलेलं. संध्याकाळी पाच वाजता ओकायामा स्टेशनात शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या गेटापाशी जमायचं, आणि तोवर कोजिमाला जाऊन यायचं असं ठरलं. कोजिमा म्हणजे जपानी जीन्सचं गाव. पोरांना जीन्स बघायच्या होत्या, सेन्सेईंना वाशूझान टेकडीवरून सेतोचा मोठा पूल दाखवायचा होता.

ओकायामाहून शिकोकू बेटावरच्या ताकामात्सुला एक जलद गाडी जाते, मरीन लायनर. अर्ध्या वाटेत कोजिमा, मग समुद्र, मग शिकोकू. गाडीत बसायला जागा मिळाली. मांडीवर शबनम घेऊन बसले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण शेजारी एक आजीबाई फुलांचा केवढा तरी गुच्छ सांभाळत बसल्या होत्या, त्यांना अडचण नको म्हणून मी शबनम वरच्या फळीवर ठेवली. या फळीला जपानीत 'आमिदाना' म्हणतात, जाळीची फळी. हा शब्द मला येत होता. परीक्षेला येतो.

कोजिमा स्टेशनात जिथे तिथे जीन्सची चित्रं आहेत. पोरांनी फोटो काढले. बाहेर आलो तर वारा असा की कोथरूडचीची टोपी उडाली आणि बुटका हडपसर तिच्यामागे धावला. सगळे हसलो. डोळ्यांत धूळ गेली म्हणून मी रुमाल काढायला शबनममध्ये हात घालायला गेले, तर हात थेट कमरेवर आला. खांद्यावर काही नव्हतंच.

अशा वेळी माणूस आधी खोटं बोलतं, तेही स्वतःशी. मी म्हटलं, निगडीच्याकडे दिली असेल. मग म्हटलं, स्टेशनातल्या बाकावर असेल. आणि हे सगळं चालू असताना मला डोळ्यांपुढे ती फळी स्वच्छ दिसत होती, तिच्यावर शबनम, आणि खाली आजीबाईंची पिवळी शेवंती.

"सेन्सेई," मी म्हटलं, "माझी पिशवी गाडीत राहिली."

"पासपोर्ट?"

"त्यातच."

परदेशी पाहुण्याने पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा असा जपानचा कायदाच आहे, त्यामुळे तो हॉटेलात नव्हता. पैसेही त्यातच. सेन्सेई ओरडल्या नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या पायऱ्या मोजून दाखवल्या. पिशवी सापडली तर प्रश्न नाही. नाही सापडली तर आधी कोबान, म्हणजे पोलीस चौकी. तिथे हरवल्याची नोंद. तो कागद घेऊन ओसाकातल्या भारतीय वकिलातीत. तिथे पासपोर्टाच्या जागी आपत्कालीन प्रमाणपत्र देतात, ते फक्त भारतात परत जाण्यापुरतं चालतं. पण आज रविवार, म्हणजे वकिलात बंद. म्हणजे आजचं विमान गेलं. आणि तेरा जणांना घेऊन सेन्सेईंना तर जावंच लागणार.

"म्हणजे मी एकटी राहणार?"

"म्हणजे तुम्ही आता त्या खिडकीवर जाऊन नीट बोलणार," त्या म्हणाल्या. "मी मागे उभी आहे. तोंडी परीक्षा समजा."

त्या क्षणी मला त्यांचा संताप आला होता, हे कबूल करते.

खिडकीवर एक पोरगेलासा कर्मचारी होता. मी 'ओतोशिमोनो' असा शब्द काढला. त्याने नम्रपणे विचारलं, ओतोशिमोनो की वासुरेमोनो? पहिला शब्द पडलेल्या वस्तूचा, दुसरा विसरलेल्या. मराठीत आपण दोन्हींना हरवली म्हणतो आणि दोष वस्तूच्या गळ्यात घालतो. तिथे पहिल्याच प्रश्नाला सांगावं लागलं की वस्तू हरवलेली नाही, मी विसरले आहे.

मग त्याने कागदावर पाच चौकोन काढले. पाच डबे. तुमचा कुठला? मला आठवेना. ओकायामाला कुठल्या खुणेपाशी उभे होतो, जिना कुठल्या बाजूला होता, काहीच नाही. निगडीचा मागून पुढे आला आणि त्याने फोन समोर धरला. त्याने चढताना लांब हडपसरचा फोटो काढला होता, लांब हडपसर नेहमीसारखा दोन बोटं वर करून उभा, आणि त्याच्या कानामागे दारावर आकडा: चार. कर्मचाऱ्याने चौथ्या चौकोनात फुली मारली. आमिदाना? मी म्हटलं, आमिदाना. माझा पाठ केलेला शब्द एकदाचा कामाला आला.

"रंग?"

"आकाइ," मी म्हटलं. लाल.

"कशाची?"

शबनम कशी सांगायची? मी म्हटलं, कापडाची, खांद्याला अडकवायची, तोंडाला चेन नाही, बंद करायला काहीच नाही. त्याने लिहिता लिहिता वर बघितलं. उघडीच? उघडीच. आत काय? पासपोर्ट, चष्म्याचं घर, रुमाल, पैशांचं पाकीट, खर्चाची वही, एक खाऊचं पुडकं, एक स्टीलची डबी. खाऊ म्हणजे बाकरवडी, पण तिचं जपानी करत बसले नाही.

तोवर गाडी पूल ओलांडत होती. कोजिमा ही दोन रेल्वे कंपन्यांची वेस आहे. इथे गाडीचे कर्मचारी बदलतात, पुढची हद्द शिकोकूच्या कंपनीची. त्यामुळे त्याने फोन 'पलीकडे' लावला. गाडी ताकामात्सुला पोचून रिकामी होईपर्यंत थांबायचं होतं. अर्धा तास. बाकीच्यांना सेन्सेईंनी जीन्स बघायला पाठवून दिलं. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरची जीन्सची पँट बघत राहिले. तिला किती शिलाई आहेत ते मला आजही सांगता येईल.

फोन आला. पोरगा बराच वेळ 'हाय, हाय' करत ऐकत होता. मग आमच्याकडे बघून म्हणाला, चौथ्या डब्यात लाल पिशवी सापडलेली नाही.

माझे पाय गेले.

"एक तपकिरी सापडली आहे," तो पुढे म्हणाला. चाइरो. या शब्दाचा सरळ अर्थ चहाचा रंग.

"नाही, माझी लालच आहे," मी म्हटलं. आणि निगडीचा हळूच म्हणाला, "काकू, हे बघा."

त्याच्या फोनमध्ये आदल्या दिवसाचा फोटो होता. मी कोराकुएनमध्ये पुलावर उभी आणि खांद्याला शबनम. चहाच्या रंगाची. कडक, दूध बेताचं. अकरा वर्षांपूर्वी १८० रुपयांना घेतली तेव्हा ती लाल होती. त्यानंतर ती किती वेळा धुतली, किती उन्हाळे वाळत घातली, आणि तरी माझ्या डोक्यात ती त्या दिवसाचीच राहिली होती. दुकानातल्या प्रत्येक ताग्याची छटा मी न चुकता नोंदवते. फिका मोरपिशी आणि गडद मोरपिशी वेगळे लिहिते. स्वतःच्या खांद्यावरचा रंग मात्र सांगता आला नाही.

"तीच," मी खिडकीवर सांगितलं. "चुकले. चाइरो."

ओळखपत्र घेऊन ताकामात्सुला येऊन न्या, असा निरोप आला. ओळखपत्र पिशवीत आहे, असं आम्ही सांगितलं. पलीकडे जरा शांतता झाली. मग उत्तर आलं, मग या आणि बघू.

सेन्सेई बारा जणांना सोडून येऊ शकत नव्हत्या. त्यांनी निगडीच्याला माझ्याबरोबर दिलं. तो जपानीच्या परीक्षेची एन-३ पातळी पास झालेला, मी तिच्या खालची एन-४. त्याला बजावलं, "तू वाट दाखवायची. बोलायचं काकूंनी." आणि मला म्हणाल्या, "पाच वाजता गेटवर. पाच म्हणजे पाच."

पुलावरचा प्रवास मी एरवी खिडकीला नाक लावून केला असता. समुद्रावर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास पूल, वरच्या मजल्यावर मोटारी, खालच्या मजल्यावर आपली गाडी. १९७८ ला काम सुरू झालं, १९८८ च्या एप्रिलात गाड्या धावल्या. लोखंडी तिरक्या पट्ट्या सटासट मागे जातात आणि त्यांच्या फटींतून खाली बेटं दिसतात, छोटी, गोल, हिरवी, कढईत सोडलेल्या कोथिंबीर वड्यांसारखी. पण गाडी चालली होती हळू. मध्येच घोषणा झाली, वारा जोरात असल्यामुळे वेग कमी ठेवला आहे. निगडीचा म्हणाला, "हे वाक्य ऐकण्याच्या पेपरात असतं." मी म्हटलं, "पुढे काय होतं रे त्या पेपरात?" तो म्हणाला, "पुढे विचारतात, तो माणूस आता काय करेल. चार पर्याय असतात."

ताकामात्सुच्या खिडकीवर माझ्यापेक्षा वयाने मोठे, चष्मा नाकावर ओढलेले एक गृहस्थ होते. शबनम त्यांच्या मागच्या फळीवर मला दिसत होती, पारदर्शक प्लास्टिकच्या थैलीत बंद, गळ्यात चिठ्ठी: गाडीची वेळ, डबा चार, आमिदाना. तेवढा मान तिला जन्मात मिळाला नव्हता. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्यापुढे फॉर्म ठेवला.

नाव. पत्ता. पुण्याचा पत्ता काताकाना लिपीत लिहायचा म्हणजे सदाशिव पेठेची पार खिचडी होते. 'सादाशिबु पेतो' असं काहीतरी मी लिहिलं आणि मनातल्या मनात सदाशिवरावभाऊंची माफी मागितली. शिक्क्याच्या जागी सही चालेल, असं ते म्हणाले. मग मुख्य रकाना: आतल्या वस्तू. पुन्हा सगळं सांगायचं, आणि पिशवी न बघता. मी सांगत गेले, ते थैली आपल्याकडे ठेवून एकेक वस्तू काढून ट्रेमध्ये मांडत गेले. पाकीट. चष्म्याचं घर. रुमाल. वही. वही त्यांनी उघडली, आकडे बघितले, आदराने मिटली. बाकरवडी. स्टीलची डबी त्यांनी कानाशी नेऊन हलवली.

"आत काय आहे?"

"कोना," मी म्हटलं. पूड. "किइरोइ कोना." पिवळी पूड.

शेजारी निगडीच्याने श्वास आत ओढला. "काकू," तो मराठीत पुटपुटला, "पूड नका म्हणू. पावडर म्हटल्यासारखं होतंय ते."

गृहस्थांनी डबी खाली ठेवली. हळूच ठेवली. मेतकुटाची डबी होती हो! दहा दिवस बाहेरचं खायचं म्हणून आईने बरोबर दिलेली. पण मेतकूट कसं समजावायचं? हरभऱ्याची डाळ, तांदूळ, गहू, उडीद भाजायचे, मेथी, मोहरी, हिंग, हळद घालायची, दळायचं, हे सगळं माझ्या एन-४ मध्ये बसत नव्हतं. मला एवढंच सुचलं की ज्यांच्या घरी दोन रात्री राहिलो त्या बाई सकाळी गरम भातावर एका पुडीतून काहीतरी भुरभुरवत असत, तीळ आणि समुद्री शेवाळाचं. तिचं नाव त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं होतं.

"फुरिकाके," मी म्हटलं. "भारतातलं फुरिकाके."

"आं, फुरिकाके!" त्यांचा चेहराच बदलला. डबीचं झाकण काढलं, लांबूनच वास घेतला. मग जवळून घेतला. "मामे?" डाळी? मी म्हटलं, मामे आणि तांदूळ. "तिखट?" अजिबात नाही. लहान मुलांनासुद्धा देतात, आजारी माणसालाही. त्यांनी मान डोलवली आणि फॉर्ममध्ये सहाव्या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: फुरिकाके, एक डबी.

शेवटी पासपोर्ट. तो त्यांनी स्वतः उघडला, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. फोटोत केस काळे आहेत आणि चष्मा नाही. मी चष्मा काढला. केसांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. "योकात्ता देसु ने," ते म्हणाले, बरं झालं हो, आणि दोन्ही हातांनी शबनम माझ्याकडे दिली.

पाकिटातले पैसे मोजायची हिंमत मी तिथे केली नाही. बाहेर येऊन मोजले. येन बरोबर होते, नाण्यांसकट.

पण बाहेर फलकावर दुसरीच गोष्ट लिहिली होती. क्योफू, म्हणजे जोराचा वारा. उन्तेन मिआवासे, म्हणजे गाड्या थांबवल्या आहेत. पुलावरून कुठलीच गाडी जाणार नाही. निगडीचा फलकाकडे बघून म्हणाला, "काकू, प्रश्न आला."

आम्ही पुन्हा त्याच खिडकीवर. गृहस्थांनी आम्हाला बघून आधी माझ्या खांद्याकडे नजर टाकली. शबनम आहे ना? आहे. मग त्यांनी कागद घेऊन त्रिकोण काढला. खाली ताकामात्सु, मध्ये नाओशिमा बेट, वर उनो बंदर. ताकामात्सुहून नाओशिमाला बोट, तिथून दुसरी बोट उनोला, उनोहून ओकायामाला लोकल. बोट किती वाजता? त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. वीस मिनिटं. बंदर चालत पाच मिनिटं. मग त्यांनी जो शब्द वापरला तो वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवतात: पळा.

सानुकी उदोनसाठी, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांसाठी, सगळा जपान ज्या प्रांताकडे जातो, जो प्रांत स्वतःला कौतुकाने 'उदोन प्रांत' म्हणवतो, तिथे आम्ही दोन तास होतो आणि एक शेवई पोटात गेली नाही. पळताना तीन दुकानांवरून आमटीसारखा तो वास आला. ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

एवढ्या वाऱ्यात गाडी थांबते आणि बोट चालते, हे मला पटेना. पण पुलावरची गाडी उंच, उघड्यावर. बोट मोठी, बसकी, आणि बेटांच्या आडोशाने जाते. हलत होती, पण आपल्या मुंबई-अलिबागच्या लाँचइतकी नाही. आम्ही खाली बाकावर बसून बाकरवडी काढली. शेजारच्या आजोबांना दिली. त्यांनी एक खाल्ली, विचार केला, दुसरी मागून घेतली. कुठून आलात, कशासाठी आलात, असं बोलणं निघालं. अभ्याससहल म्हटल्यावर ते गप्प झाले. मग त्यांनी सावकाश, आम्हाला समजेल अशा बेताने सांगितलं, की पूल व्हायच्या आधी रेल्वेची माणसं याच पाण्यावरून बोटीने ये-जा करत. ११ मे १९५५ ला धुक्यात दोन बोटींची टक्कर झाली आणि 'शिउन मारू' बुडाली. १६८ जण गेले. त्यांत पुष्कळशी शाळेच्या सहलीला निघालेली मुलं होती. त्यानंतरच लोकांनी पुलाचा धोशा लावला. आजोबा तेव्हा स्वतः शाळेत होते, दुसऱ्या शाळेत.

निगडीच्याने बाकरवडीचं पुडकं दुमडून ठेवलं. पुढची दहा मिनिटं आम्ही तिघंही पाण्याकडे बघत होतो.

नाओशिमाला दुसरी बोट यायला वेळ होता. धक्क्यावरच यायोई कुसामा या जपानी कलावंत बाईंनी केलेला तो प्रचंड लाल भोपळा आहे, काळे ठिपके असलेला, आत शिरता येतं असा. माझी शबनम एके काळी साधारण याच लाल रंगाची होती. बेटावर दुसरीकडे त्यांचाच पिवळा भोपळा आहे. तो २०२१ च्या ऑगस्टात वादळाने समुद्रात ओढून नेला होता, पुढच्या वर्षी पुन्हा बसवला. हे निगडीच्याने फोनवर वाचून दाखवलं. वाऱ्याला पाठ देऊन आम्ही लाल भोपळ्यात जाऊन बसलो. तिथे त्याने मला जपानचा हरवल्या वस्तूंचा कायदा सांगितला: मालक तीन महिन्यांत आला नाही तर वस्तू सापडणाऱ्याची, आणि आला तर सापडणाऱ्याला किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस. गाडीच्या कर्मचाऱ्याला सापडल्यामुळे माझ्याकडे कुणी मागितलं नाही. मी तरी हिशेब केला. १८० रुपयांवर पाच टक्के, नऊ रुपये. घसारा धरला तर तेवढेही नाहीत. पासपोर्टाची किंमत कुठल्या रकान्यात धरायची, यावर आमचं एकमत झालं नाही.

उनोला उतरलो, लोकल मिळाली, चायामाचीला बदलली. पावणेचारला ओकायामा. शिनकानसेनच्या गेटापाशी आम्ही दोघंच, शबनमचा बंद माझ्या मनगटाला दोनदा गुंडाळलेला.

चार वाजले. साडेचार. पाच. कुणी नाही. सेन्सेईंचा फोन लागेना. सव्वापाचला लांब हडपसरचं डोकं गर्दीवर दिसलं आणि मग बाकीचे, धापा टाकत, हॉटेलातलं सगळं सामान ओढत, माझी बॅगसुद्धा. पलीकडून गाड्याच येईनात म्हटल्यावर कोजिमाहून निघताना त्यांचेच हाल झाले होते. सेन्सेई आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही आधी?"

"पाच म्हणजे पाच," निगडीचा म्हणाला. मी त्याला कोपराने ढोसलं.

"उदोन खाल्लं का?"

"नाही."

"मग शिकोकूला जाऊन केलंत काय?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर जरा जोरातच हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

शिनकानसेनने पाऊण तासात शिन-ओसाका. तिथून विमानतळाची गाडी. कानसाई विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे, आणि त्या बेटावर जायला काय आहे, तर पूल. गाडीत घोषणा सुरू झाली की आम्ही पंधराही जण बोलायचे थांबून ऐकायचो. 'क्योफू' हा शब्द एकदा आला. काकांनी हात जोडले. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. पुढचं सगळं सुरळीत. पासपोर्ट तपासणाऱ्या मुलीने फोटोकडे एकदाही दुसऱ्यांदा बघितलं नाही, याचं मला उगाच वाईट वाटलं.

मुंबईहून पुण्याला आमची ठरवलेली मिनीबस होती. खालापूरच्या फूड मॉलला थांबलो. दहा दिवसांनी मिसळ समोर आल्यावर कुणी कुणाशी बोलेना. खाऊन सगळे बसकडे निघाले. मी हात धुऊन परत आले तर रिकाम्या टेबलाखाली खुर्चीवर एक पर्स. निगडीच्यानेही ती बघितली. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि काही बोललो नाही.

बसमध्ये सगळे चढले. सेन्सेई पहिल्या बाकावर बसून माणसं मोजत होत्या. तेरा, चौदा. मग त्यांचा हात शेजारच्या जागेवर गेला आणि तिथेच राहिला.

मी पायरीवर उभी होते, पर्स पाठीमागे धरून.

"वासुरेमोनो?" मी विचारलं.

त्यांनी वर बघितलं.

"रंग कोणता?" मी जपानीत विचारलं. "आत काय काय आहे?"

पूर्ण बस गप्प झाली. सेन्सेईंनी चष्मा सारखा केला, पाठ ताठ केली, आणि शुद्ध, व्याकरणात कुठेही न चुकणाऱ्या जपानीत सांगितलं की पर्स काळी आहे.

ती गडद निळी होती.